बिनव्याजी म्हणे!

मशीन दहा लाखांचं, पैसे तीन वर्षांनी एकरकमी, व्याज शून्य. प्रॉमिसरी नोटवर, म्हणजे पैसे देण्याच्या लेखी वचनावर, सही करून आमचे साहेब जाम खूश. मीही मशीन खात्याला सरळ १०,००,००० डेबिट टाकून चहाला गेलो.

ऑडिटला आलेल्या मुलीनं नोट उलटसुलट करून पाहिली. "काका, बँक तुम्हाला कर्ज किती टक्क्यांनी देते?"

"दहा."

तिनं कॅल्क्युलेटरवर दहा लाखांना १.१ नं तीनदा भागलं, दर वर्षासाठी एकदा. ७,५१,३१५. म्हणाली, तीन वर्षांनी द्यायच्या दहा लाखांची आजची किंमत एवढी, म्हणून मशीनची किंमतही एवढीच. उरलेले २,४८,६८५ हे व्याजच, फक्त कागदावर लिहिलेलं नाही. इंड एएस १६, म्हणजे यंत्रं-इमारतींसारख्या मालमत्तेचं भारतीय लेखा मानक, तेच सांगतं. वीस वर्षं खातेवही सांभाळणाऱ्या माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार.

आणि हे व्याज तीन सारख्या हप्त्यांत वाटायचं नाही बरं का. पहिल्या वर्षी ७५,१३१, मग ८२,६४५, शेवटी ९०,९०९. दरवर्षी ते देण्यातच मिळवायचं, म्हणजे मुदतीला बरोबर दहा लाख उभे राहतात. घसारासुद्धा, म्हणजे मशीनच्या झिजेपोटी दरवर्षी धरायचा खर्च, ७,५१,३१५ वरच. म्हणजे मी काढलेला घसाराही चुकलाच होता.

साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "अहो, पण तो मशीनवाला व्याज घेतच नाहीये!"