संत्र्याच्या बागेत भेटणारी परिसंस्था

परिसंस्था हा धडा शिकवताना फळ्यावर हमखास दोन रकाने आखले जातात. एका रकान्यात झाडे, प्राणी, बुरशी आणि जिवाणू; दुसऱ्यात पाणी, हवा, माती, प्रकाश आणि तापमान. नागपुरात विज्ञान शिकवताना माझे ठाम मत झाले आहे की, या विभागणीमुळे मुलांची घटकांची नावे पाठ होतात, परंतु परिसंस्था त्यांच्या हाती लागत नाही. आर्थर टान्सली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९३५ साली ही संकल्पना मांडली, तेव्हा सजीवांना त्यांच्या निर्जीव परिसरापासून तोडून पाहू नये, हाच त्यांचा आग्रह होता. तो समजून घेण्यासाठी नागपूरकराला फार लांब जावे लागत नाही. काटोल किंवा कळमेश्वरकडची संत्र्याची बाग पुरेशी आहे.

आपल्या हवामानात संत्र्याचे झाड मोकळे सोडले, तर ते वर्षातून दोन-तीन वेळा विस्कळीतपणे फुलते. सगळी बाग एकदम फुलावी म्हणून बागायतदार ओलीत बंद करून झाडाला ताण देतात. पाणी तुटल्यावर नवी पालवी थांबते, पाने मलूल होऊन काही गळतात आणि वाढीसाठी खर्च झाले असते ते अन्न फांद्यांमध्ये साठत जाते. त्यानंतर पाणी मिळाले की झाड फुलांनी भरून जाते. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबर-जानेवारीतली थंडी या ताणाला साथ देते, तर मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यासाठी, मे महिन्याचे ४५ अंशांपर्यंत चढणारे ऊन आणि त्यामागून येणारा पहिला पाऊस. पाण्याचा अभाव हा फुलोऱ्याचा कारक ठरतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण ‘पाणी ही सजीवांची गरज आहे’ एवढ्या एका वाक्यात ती कधीच मावत नाही.

मात्र हा ताण प्रत्येक बागेत सारखा बसत नाही. बेसॉल्ट खडक झिजून झालेल्या आपल्या काळ्या जमिनीतली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खोल, भारी काळ्या जमिनीत ओल खाली टिकून राहते, त्यामुळे वरून पाणी तोडले तरी मुळांना ते मिळत राहते आणि ताण लांबतो. मुरमाड, हलक्या जमिनीत तोच ताण लवकर बसतो, पण तेथे तो वेळीच तोडला नाही तर झाडच खचते. जमिनीत चुनखडी जास्त असेल, तर लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही, आणि कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो.

पावसाळ्यात हीच भारी जमीन वेगळ्या संकटाला वाट करून देते. पाणी साचले की मातीतल्या पोकळ्यांमधली हवा निघून जाते, मुळे गुदमरतात, आणि एरवी मातीत दबून असलेल्या फायटोफ्थोरा या बुरशीसदृश जीवाचे बीजाणू त्या पाण्यात पोहत मुळांपर्यंत पोहोचतात. मुळे कुजतात, बुंध्यावर डिंक ओघळू लागतो, आणि बागायतदार म्हणतात, डिंक्या आला. रोगकारक सजीव आहे हे खरे. पण त्याला चाल मिळते ती पाण्याचा निचरा न झाल्यामुळे.

उलट दिशेने जाणारी साखळी कोळशी या पाने काळी पाडणाऱ्या रोगात दिसते. काळी माशी पानाच्या मागच्या बाजूने रस शोषते आणि गोड चिकटा सोडते. त्या चिकट्यावर काजळीसारखी बुरशी वाढते. असे काळे पडलेले पान अंगठ्याने हलकेच घासून पाहावे: काळा थर निघून येतो आणि खाली हिरवे पान बहुधा शाबूत असते. ही बुरशी पान खात नाही, ती पानावर पडणारा सूर्यप्रकाश अडवते, आणि प्रकाश अडल्यामुळे अन्न कमी तयार होऊन पुढचा बहार रोडावतो. येथे सजीवांनी निर्जीव घटकालाच कात्री लावलेली असते. ढालकिडे आणि क्रायसोपा या मित्रकीटकाच्या अळ्या काळ्या माशीची अंडी आणि पिल्ले खातात, तेव्हा त्या झाडाला त्याच्या वाट्याचे ऊनही परत मिळवून देतात.

मातीखाली तर रकान्यांमधली रेघ पुसूनच जाते. संत्रावर्गीय झाडांच्या मुळांना केसमुळे थोडी असतात, म्हणून स्फुरद (फॉस्फरस) मिळवण्यासाठी ती मुळांशी जोडलेल्या मायकोरायझा बुरशीवर बरीच अवलंबून असतात. शेणखत आणि पालापाचोळा कुजवणारे जिवाणू व गांडुळे चिकणमातीचे कण बांधून तिला रवाळ करतात. अशा मातीत पाणी मुरते, हवा खेळते आणि लवकर वापसा, म्हणजे ओल आणि हवा यांचा योग्य मेळ, येतो. म्हणूनच डिंक्यावर औषधाची फवारणी करण्याआधी बांधाकडे चर काढून साचलेले पाणी बाहेर घालवणाऱ्या आणि आळ्यात दरवर्षी शेणखत टाकणाऱ्या बागायतदाराचा उपाय मला अधिक मुळाशी जाणारा वाटतो.