नमकदान : मिठाने वाकवलेले डोंगर

आमच्या ड्रायव्हरकाकांनी बोट भिंतीला लावलं, मग जिभेला लावलं आणि मला तसंच करायची खूण केली. खारट, आणि मागून किंचित कडू. दक्षिण इराणमधलं केश्म बेट, त्याच्या नैऋत्य टोकाजवळचा नमकदान नावाचा डोंगर आणि त्या डोंगराच्या पोटातली गुहा. नमक हा शब्द आम्हा दोघांचाही, त्यामुळे भाषेचं फारसं अडलं नाही.

गुहा सहा किलोमीटरहून लांब आहे, 2019 मध्ये इस्रायलमधली मल्हाम गुहा मोजली जाईपर्यंत जगातली सगळ्यात लांब मिठाची गुहा हीच मानायचे. आत जमिनीवरून पाण्याची बारीक धार वाहते आणि तिच्या दोन्ही काठांना पांढरी साय धरलेली असते, ते अर्थात मीठच. टॉर्च छतावर मारला आणि मी तिथेच थांबलो. लाल, पांढरे, राखाडी पट्टे, पण सरळ एकही नाही, सगळे वळलेले, परत उलटे दुमडलेले, घडीत घडी. आम्ही सह्याद्रीत फिरणारी माणसं, आमच्याकडे लाव्हाचे थर एकावर एक आडवे रचलेले, डोळ्याला तीच सवय. इथे अख्खा दगड कधीतरी वाहत होता हे नुसतं बघूनच कळत होतं.

आणि वाहत होता म्हणजे वितळून नाही हां, घन असतानाच. हे मीठ साधारण 54 कोटी वर्षांपूर्वीचं किंवा त्याहूनही जुनं, उथळ समुद्र आटून साचलेलं, त्याला होर्मुझ मीठ म्हणतात. त्यावर पुढे कित्येक किलोमीटर जाडीचा चुनखडक आणि वाळू-चिखल साचला. वरचा गाळ दबत जातो तसा जड होतो, मीठ मात्र दाबलं तरी जवळपास तेवढंच हलकं राहतं, शिवाय मऊ. मग ते जिथे वरचं झाकण पातळ किंवा चिरलेलं असेल तिकडे सरकायला लागतं. पुरणपोळी लाटताना एका बाजूला जोर जास्त पडला की पुरण दुसरीकडे पळतं आणि पारी पातळ असेल तिथून फुटून बाहेर येतं ना, अगदी तसं, फक्त लाखो-कोटी वर्षं लावून.

मला यातली सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट पुढची आहे. मीठ जिथून निघून जातं तिथली जमीन खचते, खचली की खोलगट जागा होते, खोलगट जागेत नद्या आणि समुद्र आणखी गाळ आणून टाकतात, त्या गाळाच्या वजनाने खालचं उरलेलं मीठ अजून पिळलं जातं आणि बाजूचा मिठाचा खांब अजून वर येतो. म्हणजे गाळ कुठे किती जाड साचणार हे खालचं मीठ ठरवतं, आणि मीठ कुठे जाणार हे वरचा गाळ. नमकदानच्या कडेला गुहेबाहेर एक थर मी वितीने मोजत गेलो. डोंगरापासून लांब दोन वितींहून जाड होता, मिठाकडे जाता जाता एक वीतही राहिला नाही, आणि तिरका होऊन वर चढला. तो साचत होता तेव्हाच शेजारी मीठ वर येत होतं, त्याची खूण माझ्या हाताखाली होती.

डोंगर त्यानंतरचे. अरबी भूखंड युरेशियाला भिडला आणि झाग्रोस या इराणमधल्या पर्वतरांगेच्या घड्या पडायला लागल्या, ते काम अजून चालूच आहे. गुळगुळीत फरशीवरची सतरंजी एका टोकाने ढकला, सुरकुत्या पार दुसऱ्या टोकापर्यंत जातात; खरखरीत कोब्यावर ढकला, जवळच गोळा होतात. होर्मुझ मीठ ही ती गुळगुळीत फरशी. म्हणून दक्षिण इराणच्या फार्स भागात जिथे खाली हे मीठ आहे तिथे घड्यांचा पट्टा इतका रुंद पसरलाय, आणि केश्म बेट स्वतःसुद्धा त्याच घड्यांचा समुद्रात आलेला भाग आहे. आधीपासून उभे असलेले मिठाचे खांब म्हणजे कच्चे दुवे, घड्या तिथे वळतात, अडतात, दिशा बदलतात. आणि दोन्हीकडून दाब आल्यावर खांबातलं मीठ टूथपेस्टसारखं वर येतं. मुख्य भूमीवर काही ठिकाणी ते शिखरावरून उतून उतारावर हिमनदीसारखं पसरलंय. टॅलबॉट आणि रॉजर्स या दोन संशोधकांनी अशी एक मिठाची नदी मोजून 1980 मध्ये लिहिलं होतं की पाऊस पडून गेल्यावर ती थोडा काळ दिवसाला अर्ध्या मीटरपर्यंत सरकते. दगड, दिवसाला अर्धा मीटर!

आपलं उपासाचं सैंधव 2025 मध्ये आयात बंद होईपर्यंत जिथून यायचं ती पाकिस्तानातली खेवड्याची खाण, तिथलं मीठही साधारण याच काळातलं, आणि तिथेही हिमालयाचा पुढचा भाग याच पद्धतीने मिठावरून घसरत दक्षिणेला आलाय. हे कळल्यापासून एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीकडे मी वेगळ्याच नजरेने बघतो.

दुसऱ्या दिवशी बोटीने होर्मुझ बेटावर गेलो. हे जवळजवळ गोल बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला मिठाचा घुमटच. लाल माती इतकी की लाटाही काठाला लाल होतात, तिथले लोक ती माती घालून माशांचा सुराग नावाचा सॉस करतात. काळ्या वाळूत चंदेरी चमक दिसते, ते हेमॅटाइट. मीठ वर येताना खोलातले काळे चुनखडक, हिरवट ज्वालामुखी दगड, हे लोहखनिज, सगळं सोबत उचलून आणतं. झाग्रोसमधल्या जुन्या थरांत असे तुकडे सापडले की समजायचं, तो थर साचत होता तेव्हा जवळपास कुठेतरी मीठ जमिनीवर पोचलेलं होतं.

किनाऱ्यावर असाच एक हिरवा खडा मिळाला, सुपारीएवढा, समुद्राने गोल केलेला. बराच वेळ हातात धरून बसलो आणि मग होता तिथेच ठेवला, पुढच्या भरतीत तो बाकीच्या वाळूबरोबर खाली कुठल्यातरी नव्या थरात जाईल.