नुसता चालणारा घोडा

"आबा, हाऊ घोडा नाचस का?"

"नाचस नही भो, नुसता चालस."

गिऱ्हाईक पुढे सरकलं. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या यात्रेत भाव नाचाला आणि रवाल चालीला, म्हणजे हिसके न देता झपझप चालण्याला. हा बिचारा मागचा एक पाय सैल सोडून निवांत उभा. शेजारी ढोल कडाडला, तर कान तेवढे वळले.

दिव्यांग मुलांना उपचार म्हणून बसवायला नेमका असाच घोडा लागतो! साध्या कदमचालीत त्याची पाठ पुढे-मागे, वर-खाली, डावी-उजवीकडे हलते. आपण चालताना कंबर हलते, जवळजवळ तशीच. रवाल बसायला सुखाची, पण त्यात हा हेलकावा हरवतो.

माणसं 3 लागतात: एक घोडा धरायला, दोघं दोन्ही बाजूंनी मुलाच्या मांडीवर हात ठेवून चालायला. चढवायचं ओट्यावरून. खालून ओढून चढवलं की खोगीर सरकतं, घोडा बिचकतो. पहिल्या दिवशी 15 मिनिटं पुरे. मांड्या आखडून फाकतच नसतील तर हट्ट नको. टांग्यात बसवा, लगाम हातात द्या, लगामाची दुसरी, जादा जोडी मात्र शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्याकडेच.

संध्याकाळी घोडा तिथेच होता. वय ओळखायला कुणी तोंड उघडून दातसुद्धा पाहिले नसतील का?