उलटा वाचलेला कागद

मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेत जाणाऱ्या आयांची तिकिटं काढणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे, असं माझं ठाम मत आहे. ऑफिसच्या कामाला जाणारा माणूस तारीख सांगून मोकळा होतो. फिरायला जाणारे आठ दिवस पुढेमागे करायला तयार असतात. बाळाची तारीख डॉक्टर देतात, पण बाळ ती पाळेलच याची खात्री कोण देणार? प्रवास करणारी बाई साठी ओलांडलेली, गुडघे दुखणारी, गोळ्या चालू असलेली. आणि पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने कामाला लागावं ही अपेक्षा घरातल्या प्रत्येकाच्या मनात असते, बोलून मात्र कोणी दाखवत नाही.

या जानेवारीतल्या काकूंची केस माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. काकू सासष्ट वर्षांच्या, राहायला ठाण्यातच, नौपाड्यातल्या आमच्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर. मुलगी-जावई शिकागोला, मुलगा पुण्यात. आदल्या खेपेला त्या इकॉनॉमीतून गेल्या होत्या तेव्हा पाय इतके सुजले होते की चपला चढत नव्हत्या, आणि पहिले काही दिवस त्या पडूनच होत्या. म्हणून या वेळी जावयाने ठरवलं, आईंना बिझनेस क्लासने आणायचं. रोख पैसे भरून ते परवडणारं नव्हतं. पण त्याच्या तिकडच्या क्रेडिट कार्डावर बरीच वर्षं पॉइंट्स साठले होते, ते एअरलाइनच्या माईल्समध्ये, म्हणजे पैशांऐवजी तिकिटासाठी वापरता येणाऱ्या गुणांमध्ये, बदलता येत होते.

इथे थोडं सविस्तर सांगते, कारण नेमकं इथेच लोक फसतात. विमानात रिकामी खुर्ची असणं आणि ती माईल्सवर मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एअरलाइन प्रत्येक फ्लाइटवर माईल्ससाठी थोड्याच जागा उघडते. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात पार्टनर एअरलाइनला दिलेल्या बिझनेसच्या अशा जागा 'आय' या अक्षराखाली असतात. या जागा साधारण अकरा महिने आधी, बुकिंगचं कॅलेंडर उघडतं तेव्हा दिसतात, किंवा अगदी शेवटच्या दोन आठवड्यांत, विमान भरणार नाही असं एअरलाइनला कळतं तेव्हा. मधल्या काळात बहुतेक दुष्काळ. बाळाची बातमी कळते तेव्हा हातात सात महिने उरलेले असतात, म्हणजे नेमका दुष्काळाचा काळ.

साइटवर दिसेल ते सगळं खरंही नसतं. 'बिझनेस' लिहिलेलं असतं, पण उघडून बघावं तर दोन तासांचा छोटा टप्पा बिझनेसचा आणि समुद्र ओलांडणारे नऊ तास इकॉनॉमीत. कधी जागा दिसते आणि बटण दाबल्यावर गायब होते. आणि बँकेतून पॉइंट्स एकदा एअरलाइनकडे गेले की परत येत नाहीत. म्हणून माझा नियम असा की जागा प्रत्यक्ष दिसल्याशिवाय, आणि शक्य असेल तिथे फोनवर खात्री केल्याशिवाय, एक पॉइंटही हलवायचा नाही. एकाच सीटचं तिकीट एका एअरलाइनच्या माईल्स कार्यक्रमातून काढलं तर नुसता विमानतळाचा कर पडतो, दुसऱ्यातून काढलं तर त्यावर इंधन अधिभाराची मोठी रक्कम. एअर कॅनडाचा एरोप्लान आणि युनायटेडचा माइलेजप्लस हा अधिभार लावत नाहीत. हे माहीत नसलेली माणसं 'फुकट' तिकिटासाठी भरपूर रोख पैसे मोजतात, आणि कार्ड विकणारे लोक त्यांना हे सांगत नाहीत. कार्डाच्या जाहिराती आणि व्हिडिओ बघून मालदीवला जाणाऱ्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण माईल्स ज्या शरीरांसाठी खरोखर उपयोगी आहेत, त्यांच्यापर्यंत ही माहिती पोहोचतच नाही, याचा मला मनापासून राग येतो.

बाळाची तारीख फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली होती. आम्ही जानेवारीअखेरचं, तारीख बदलता येणारं साधं इकॉनॉमी तिकीट हातात ठेवलं आणि शेवटच्या दोन आठवड्यांत बिझनेसची जागा उघडण्याची वाट बघायची ठरवली. जानेवारीच्या मध्यावर, एका मंगळवारी सकाळी सातला जावयाचा फोन आला. बाळ झालं होतं, छत्तिसाव्या आठवड्यात. दोघं सुखरूप, पण बाळ लहानखुरं आणि दूध ओढायला कमी पडत होतं. दर दोन-तीन तासांनी उठवून पाजायला सांगितलं होतं, दिवसा आणि रात्रीही.

मी घरूनच लॅपटॉप उघडला. हातातलं इकॉनॉमी तिकीट त्याच रात्रीवर आणता येत होतं, आखाती देशामार्गे, बुधवारी दुपारी शिकागो. आणि झुरिकमार्गे बिझनेसची एकच जागा दिसत होती, दोन्ही टप्पे बिझनेसचे, पण बुधवारी मध्यरात्र उलटल्यावर निघणारी. म्हणजे बरोबर एक दिवस उशिरा.

फोनवर मुलगा, जावई, काकू आणि मी. मुलाचं म्हणणं, आजच निघ, तिथे गरज आहे. जावई म्हणाला, एका दिवसाने काही बिघडत नाही, आई नीट येऊ देत. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी मला विचारलं, "पोहोचल्यावर रात्री कोण जागणार आहे?" कोणीच उत्तर दिलं नाही. त्या म्हणाल्या, "मग उद्याचं काढा. मला तिथे पडून राहायला जायचं नाहीये."

माईल्सचं तिकीट आम्हा एजंटांना आमच्या सिस्टीममधून काढता येत नाही. ज्याचं खातं, त्यानेच काढायचं. म्हणून मी इथून सांगत होते आणि जावई हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून बटणं दाबत होता. पॉइंट्स काही मिनिटांत पोहोचले. पैसे भरताना साइट अडकली. पीएनआर आला, पण तिकीट नंबर येईना. बाहेरच्यांना हा फरक माहीत नसतो: सहा अक्षरांचा पीएनआर म्हणजे नुसतं आरक्षण; तेरा आकडी तिकीट नंबर पडत नाही तोवर काउंटरवर तुम्हाला कोणी विमानात बसवणार नाही. त्या एअरलाइनच्या कॉल सेंटरवरच्या पहिल्या माणसाने "चोवीस तासांत येईल" म्हणून फोन ठेवला. चोवीस तासांनी विमानतळावर जायची वेळ होणार होती. जावयाने पुन्हा फोन लावला, मलाही जोडून घेतलं. या वेळी एक अनुभवी बाई मिळाली. तिने आरक्षण उघडलं, अडकलेला भाग काढून टाकला आणि आमच्याशी बोलता बोलता तिकीट नंबर पाडला. दोघांच्या हातात तीच सिस्टीम होती. नुसतं वाचून दाखवायला माणसं बसवली की काय होतं ते मी रोज बघते.

त्यानंतरचं काम मला सगळ्यात प्रिय आहे, कारण ते कोणाला दिसत नाही. दुसऱ्या एअरलाइनच्या माईल्सवर काढलेल्या तिकिटाची व्हीलचेअर आणि जेवणाची नोंद प्रत्यक्ष उडवणाऱ्या एअरलाइनपर्यंत पोहोचेलच असं नसतं. त्यांचा पीएनआर वेगळा असतो. तो मिळवून तिथे खात्री करावी लागते. व्हीलचेअरचेही प्रकार आहेत: पायऱ्या चढता येतात पण लांब चालवत नाही, पायऱ्याच चढता येत नाहीत, आणि सीटपर्यंत उचलून न्यावं लागतं. मुलं घाईत कोणताही पर्याय टिक करतात आणि आईची तारांबळ उडते. काकूंना पहिला प्रकार हवा होता. जेवण एकाच प्रकारचं सांगता येतं: शाकाहारी की मधुमेहींचं, हे त्यांच्याशी बोलून ठरवलं. डिंकाचे लाडू, सुंठ, बाळंतशेपा हे सगळं तिकडच्या कस्टमला न लपवता सांगायचं, हेही बजावलं.

आणि शेवटी कागद. लांबच्या प्रवाशाला मी जेट लॅगचा एक कागद करून देते, प्रत्येकाच्या वेळा धरून. हिवाळ्यात शिकागो आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असतं. आपल्या मेंदूतलं घड्याळ मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर चालतं. माणसाच्या नेहमीच्या उठण्याआधी दोन-तीन तास शरीराचं तापमान सर्वांत खाली जातं. त्या क्षणाच्या आधीच्या तासांत मिळालेला उजेड घड्याळ मागे नेतो, नंतरचा पुढे. काकू साडेपाचला उठणाऱ्या, म्हणजे त्यांच्या तापमानाचा तळ पहाटे तीनच्या सुमारास; शिकागोत दुपारी साडेतीन. घड्याळ मागे न्यायचं होतं, म्हणून कागदावर लिहिलं: पहिल्या दिवसांत सकाळी अकरा ते दुपारी अडीच बाहेर उजेडात फिरा, साडेतीननंतरचा उजेड टाळा, रोज ही वेळ तासाभराने उशिरा करत न्या. गोळ्यांच्या वेळा मात्र मी कधीच लिहीत नाही, त्या डॉक्टरांनी सांगायच्या. सपाट झोपता येणारी सीट पाय वाचवते, थकवा वाचवते. घड्याळ मात्र ती हलवत नाही. बिझनेसने गेलं की जेट लॅग होत नाही असं समजणाऱ्यांना हे पटवता पटवता माझा घसा बसतो.

काकू गुरुवारी दुपारी उतरल्या. पाय सुजले नव्हते. शनिवारी रात्री माझ्या फोनवर त्यांचा कॉल. "तुमचा कागद वाचला. यातलं सगळं उलट केलं तर माझं घड्याळ ठाण्याचंच राहील ना?"

क्षणभर मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, नाइट ड्यूट्या केलेल्या. शिकागोतली रात्र म्हणजे ठाण्यातला दिवस. रात्री नऊ ते सकाळी दहा त्या टक्क जाग्या आणि ताज्या होत्या. मुलगी पंपाने दूध काढून ठेवायची, त्या रात्रभर दर दोन-तीन तासांनी बाळाला पाजत होत्या, आणि मुलगी-जावई प्रसूतीनंतर पहिल्यांदाच सलग झोपले होते. सकाळी साडेदहाला त्या पडदे ओढून झोपायच्या ते संध्याकाळपर्यंत. मी ज्या वेळेत बाहेर फिरा म्हटलं होतं, नेमक्या त्या वेळेत अंधारात. रात्री खोलीतले दिवे पूर्ण लावलेले. रात्रपाळीच्या कामगारांना हेच शिकवतात: कामाच्या वेळी लख्ख उजेड, झोपेच्या वेळी गडद अंधार. त्यांनी एका कागदावरून ते स्वतः काढलं होतं.

मी म्हटलं, "हो काकू, राहील. पण गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, आणि रोज थोडं चाला." त्यांनी विचारलंही, डॉक्टरांनी गोळ्या भारतीय वेळेनेच चालू ठेवायला सांगितल्या.

पाच आठवडे असंच चाललं. बाळाचं वजन वाढलं. जावयाचा मेसेज आला, "आई आल्यापासून आम्ही माणसात आलो." पुढच्याच आठवड्यात मुलाचा पुण्याहून फोन. आवाज चढलेला. आईने पाच आठवड्यांत दिवसाचं ऊन धड पाहिलं नाही, पहाटे तीनला एकटी जेवते, घरातली माणसं तिला संध्याकाळी तासदोनतास भेटतात. "बिझनेस क्लासने तिला आया म्हणून नेली का? आणि तुम्ही फोनवर हो म्हणालात." मी त्याला सांगितलं की निर्णय आईंचा होता. तो म्हणाला, "ती दुसरं काय म्हणणार होती?"

या वाक्यापाशी मी अडकले आहे. कारण काकूंशी नंतर बोलले तेव्हा त्या खरोखर आनंदात होत्या. रात्रीच्या शांततेत बाळ फक्त माझं असतं, म्हणाल्या. आणि त्याच बोलण्यात हेही की बर्फावर पडलेलं ऊन त्यांनी फोटोतच पाहिलं. दोन्ही एकाच सुरात सांगितलं त्यांनी. त्यांच्या पिढीच्या बाईने "मला हेच हवंय" म्हटलं की ते किती तिचं आणि किती तिने आयुष्यभर केलेल्या सवयीचं, हे फोनवरून मला कळत नाही. मुलाला कळतं असंही मला वाटत नाही. तो एकदाही तिकडे गेलेला नाही. पण त्याचा प्रश्न चुकीचा आहे असं म्हणायलाही माझी जीभ वळत नाही.

मार्चमध्ये त्यांनी घड्याळ बदललं. या वेळी कागद सरळ वाचला, दुपारच्या उन्हात फिरल्या. दहा-बारा दिवसांत मार्गी लागल्या.

परतीचं तिकीट जूनचं आहे. उन्हाळ्यात अंतर साडेदहा तासांचं होतं आणि पूर्वेकडे येताना शरीराला घड्याळ पुढे ओढावं लागतं, जे बहुतेकांना जास्त जड जातं. माणसाचं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं, त्यामुळे त्याला मागे सरकणं सोपं. जावयाकडे परतीपुरते पॉइंट्स शिल्लक आहेत. मुलाने सांगितलंय की या वेळी पैसे तो भरणार, जावयाचे पॉइंट्स नकोत. काकू म्हणतात, पॉइंट्स असताना पैसे कशाला. दोघांनीही मला "तुम्हीच समजवा" म्हटलंय. जागा अजून उघडलेली नाही. मी रोज सकाळी ऑफिसात आले की आधी ती बघते.