एका पेशीमागे दहा हजार: लाल पेशी हातानं मोजताना

डीएमएलटीला, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला, आले तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की रक्ताची नळी मशीनला लावली की मिनिटभरात सीबीसीचे, म्हणजे रक्तातल्या सगळ्या पेशींच्या तपासणीचे, आकडे येतात. कोल्हापुरात राजारामपुरी-शाहूपुरीतल्या कुठल्याही चालत्या लॅबमध्ये सेल काउंटर, म्हणजे पेशी मोजणारं मशीन, असतोच. तरी लाल पेशी हातानं मोजण्याचं प्रॅक्टिकल आम्हाला आहे, आणि परीक्षेत ते हमखास विचारतात. कागलहून एसटीनं येता-जाता मी सूत्र पाठ केलं होतं. पण सूत्र शेवटी लागतं. आकडा खरा येणार की नाही, हे डोळा मायक्रोस्कोपला लावायच्या आधीच ठरलेलं असतं.

पिपेट म्हणजे खुणा असलेली बारीक काचेची नळी, तिच्या दांडीवर एक फुगा आणि फुग्यात मणी. लाल मण्याची पिपेट लाल पेशींची, पांढऱ्या मण्याची पांढऱ्या पेशींची. रक्त ०.५ च्या खुणेपर्यंत घ्यायचं, मग रक्त पातळ करायचं फ्लुइड १०१ पर्यंत. दांडीतला एक भाग रक्तात मिसळतच नाही, म्हणून फुग्यातले १०० भाग धरायचे. ०.५ ला १००, म्हणजे १:२००. दांडीतलं ते नुसतं फ्लुइड असतं म्हणूनच चेंबर, म्हणजे मोजणीसाठी रेषा आखलेली जाड काच, भरण्याआधी पहिले काही थेंब टाकून द्यावे लागतात. पिपेटच्या टोकाला बाहेरून चिकटलेलं रक्तही फ्लुइडमध्ये बुडवण्याआधी पुसायचं, नाहीतर तेही हिशेबात शिरतं.

फ्लुइड दोन प्रकारची शिकवतात. हेयमच्या फ्लुइडमध्ये मर्क्युरिक क्लोराइड असतं, म्हणजे विषच. तोंडानं ओढायची जुनी पद्धत आमच्याकडे बंद आहे ते बरंच आहे. आम्ही फॉर्मल सायट्रेट वापरतो: तीन टक्के ट्रायसोडियम सायट्रेट ९९ मिली आणि फॉर्मालिन १ मिली. त्यात पेशींचा आकार टिकतो आणि त्या एकमेकींना चिकटत नाहीत.

मिसळताना लॅबमधले काका शेजारी उभे राहायचे. पिपेट आडवी धरून फिरवायची, कारण उभी धरली की पेशी खाली बसतात. “नुसता हलून उपयोग नाय, मणी फिराय पायजे,” ते म्हणायचे.

सगळ्यात जास्त सराव लागला तो चेंबर भरायला. न्यूबॉअर चेंबरची जाड कव्हरस्लिप, म्हणजे वरची झाकणाची काच, नीट बसली की कडेला इंद्रधनुषी कडी दिसतात. ती दिसली म्हणजे खालची पोकळी बरोबर ०.१ मिलिमीटर खोल आहे. साधी पातळ कव्हरस्लिप इथं चालत नाही, द्रवाच्या ताणानं ती वाकते. पिपेटचं टोक तिरकं टेकवलं की द्रव आपोआप आत ओढला जातो. बुडबुडा राहिला किंवा द्रव बाजूच्या खाचेत उतरला, तर धुऊन पुन्हा भरायचं, दुसरा इलाज नाही. मग दोन-तीन मिनिटं थांबायचं. जोतिबाच्या यात्रेच्या दिवसांतलं ऊन, त्यात मॅडम पंखा बंद करायला लावायच्या. वाऱ्यानं द्रव सुकतो आणि पेशी वाहायला लागतात. ओला फिल्टर पेपर ठेवलेल्या पेट्री डिशमध्ये चेंबर झाकून ठेवायचं. “घाई कशाला? बसू देत की पेशींना,” मॅडम सांगायच्या.

आधी १०x च्या लेन्सवर चेंबरवरच्या रेषांमधला मधला मोठा चौरस शोधायचा, मग ४०x ची लेन्स. कंडेन्सर, म्हणजे खालून प्रकाश एकवटणारी लेन्स, खाली घ्यायचा आणि प्रकाश कमी करायचा. रंग दिलेला नसल्यानं भरपूर उजेडात लाल पेशी दिसेनाशा होतात. मधल्या चौरसात २५ चौकटी, प्रत्येकीत १६ घरं. मोजायच्या फक्त पाच चौकटी: चार कोपऱ्यांतल्या आणि मधली. म्हणजे ८० घरं. नांगर फिरतो तसं पहिल्या ओळीत डावीकडून उजवीकडे जायचं आणि दुसरीत उलट यायचं. डाव्या आणि वरच्या रेषेला टेकलेल्या पेशी मोजायच्या, उजव्या आणि खालच्या सोडायच्या. नाहीतर एकच पेशी दोन घरांत मोजली जाते. निरोगी रक्तात एका घरात साधारण सहा पेशी सापडतात. एका घरात अकरा आणि शेजारी दोन दिसल्या, तर मिसळणं किंवा भरणं बिघडलंय. पेशींचे गठ्ठे दिसले तर मोजूच नये.

आता सूत्र. एका चौकटीचं क्षेत्रफळ ०.०४ चौरस मिलिमीटर, पाचांचं ०.२. त्याला खोली ०.१ नं गुणलं की ०.०२ घनमिलिमीटर. रक्त २०० पट पातळ केलेलं, म्हणून २०० भागिले ०.०२, म्हणजे दहा हजार. मोजलेल्या प्रत्येक पेशीमागे अहवालात दहा हजार उभ्या राहतात! हे कळल्यावर रेषेवरची एक पेशीही मी सहज सोडत नाही.

एका नमुन्यात मला ४८६ पेशी मिळाल्या, म्हणजे घनमिलिमीटरला ४८,६०,०००. मशीनवर हिमोग्लोबिन १४.४ आलं होतं. लाल पेशींचा दशलक्षातला आकडा तिप्पट केला की साधारण हिमोग्लोबिन यायला हवं. माझं आलं १४.५८. फार आनंद झाला. तरी सगळं अचूक करूनही पाचशेच्या आसपास पेशी मोजल्या की चार-पाच टक्के फरक निव्वळ योगायोगानं पडतो. पिपेट आणि चेंबरची चूक त्यावर वेगळी. म्हणून चेंबरच्या दोन्ही बाजू भरून सरासरी घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. मशीन हजारो पेशी मोजतं, रोजच्या सीबीसीला त्याचाच आकडा धरावा. पण पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यातल्या पेशी अजूनही कितीतरी ठिकाणी याच चेंबरवर मोजतात, आणि तिथं लागतो तो हात इथंच तयार होतो.

काम झालं की चेंबर लगेच धुऊन मऊ कापडानं टिपायचं, रेषांवर घासायचं नाही. पिपेट आधी पाण्यानं आणि शेवटी ॲसिटोननं धुऊन कोरडी करायची. मणी आत मोकळा खडखडला की ती पुढच्या नमुन्याला तयार.