बेल, तुळस आणि द्राक्षवेल: आमची वाटचाल

2015च्या सिंहस्थाच्या आगेमागे पंचवटीतल्या घराच्या पुढच्या खोलीत मी आणि माझ्या जाऊबाईंनी मॅटीवरच्या (चौकोनी घरांच्या जाळीदार कापडावरच्या) क्रॉस स्टिचची, म्हणजे फुलीच्या टाक्याच्या भरतकामाची, कामं घ्यायला सुरुवात केली. पहिली गिऱ्हाइकं रुखवताची. मोर, कलश, 'शुभविवाह', सगळं बाजारातल्या तयार ग्राफवरून, म्हणजे घरं मोजून भरायच्या नक्षीवरून. पण देव्हाऱ्यामागे लावायला कुणी बेल किंवा दूर्वा मागितल्या की धड ग्राफच मिळायचा नाही. बेल म्हणून जे हाती येई, ते कुठलंही तीन पानांचं झुडूप असे. शंकराला रोज बेल वाहणाऱ्या माणसाला ते कसं चालावं? मग आम्हीच ग्राफ काढू लागलो आणि आमचा खरा धंदा तिथून उभा राहिला.

बेलाची बाजूची दोन पानं समोरासमोर असतात, मधलं जरा लांब देठावर पुढे. ते मधलं पान विषम घरांचं घेतलं की शीर बरोबर एका घरावर येते. जास्वंदीने मात्र फार दमवलं. कमळाच्या आठ पाकळ्या चौकोनी घरांत नीट बसतात, जास्वंदीच्या पाच बसत नाहीत. शेवटी जास्वंद बाजूने दाखवली, मधला लांब तुरा बाहेर आलेला. आता बघताक्षणी ओळखू येते. दूर्वांची पाती फुल्यांनी जाड दिसतात, म्हणून ती एकपदरी बॅकस्टिचने, म्हणजे सलग रेघेच्या टाक्याने. पारिजातक पांढऱ्या मॅटीवर दिसेनासा होतो, त्याला मेंदी रंगाचंच कापड हवं.

गणपतीच्या चौकटीत तुळस आणि शंकराच्या चौकटीत केतकी आम्ही घालत नाही. कुणी हौसेने मागितलीच तर आधी कारण सांगतो. बहुतेकांना पटतं.

नाशिकरोडच्या बाळ येशू तीर्थस्थानात जाणाऱ्या एका ताईंनी वेदीच्या कापडावर द्राक्षं आणि गव्हाच्या ओंब्या मागितल्या. भाकर आणि द्राक्षारस यांची ती खूण. शिवाय योहानाच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायात येशू स्वतःला खरा द्राक्षवेल म्हणतो. द्राक्ष तर आमच्या नाशिकचंच! दिंडोरीच्या एका बागेतून पानासकट काडी आणली आणि समोर ठेवून घरं मोजली. वेलीचा तणावा, म्हणजे आधाराला गुंडाळणारा तंतू, पानाच्या बरोबर समोरून फुटतो, बगलेतून नाही. तयार नक्ष्यांत तो कुठूनही निघालेला असतो. प्रत्येक मण्याला जांभळ्याच्या तीन छटा आणि उजेडाचं एक फिकट घर दिलं. ताईंनी कापड हातात घेतलं आणि आधी तणाव्यावरच बोट ठेवलं. त्यांच्या माहेरी द्राक्षबाग आहे. पुढे त्यांच्याच ओळखीने पवित्र मरियेच्या शुभ्र लिलीचं काम आलं.

2020च्या टाळेबंदीत लोक घरी बसून स्वतः भरायला मागू लागले, तेव्हापासून किट देतो: मॅटीचा तुकडा, धाग्याच्या लड्या, 24 नंबरची बोथट सुई, ग्राफ. कापड 14 काउंटचं, म्हणजे इंचाला 14 घरं. 70 घरांचा बेल 5 इंचांत बसतो. लडीच्या सहा पदरांतले दोन घ्यायचे आणि वरचा टाका सगळीकडे एकाच दिशेने, नाहीतर चकाकी तुटते. लाल धागा धुऊन पाहिल्याशिवाय किटमध्ये जात नाही. देवापुढच्या कापडावर रंग उतरलेला आम्हाला सहन होणार नाही.

सध्या दत्तभक्तांसाठी औदुंबर चालू आहे. त्याची फळं थेट खोडावर घोसाने लागतात, त्यामुळे आधी खोडाच्या तपकिरी छटा ठरवतोय, पानं नंतर.