डाळ न शिजणारे पाणी

वाळूज एमआयडीसीतील एका बीअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी चौदा वर्षांपासून केमिस्ट आहे. या काळात माझ्या हाताखालून गेलेली जवळजवळ सगळी बीअर फिकट सोनेरी होती, आणि आमच्या भागातले गिऱ्हाईक 'माइल्ड' की 'स्ट्राँग' याच्या पुढे काही विचारत नसे. अलीकडे मात्र पुण्याहून नोकरी करून परतलेली मुले संभाजीनगरच्या परमिट रूममध्ये काळी बीअर मागतात, असे विक्री विभागातले सहकारी प्रत्येक बैठकीत सांगू लागले. पुण्यात 2009 साली डुलाली ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बीअर बनवून विकणारे छोटे ठिकाण, सुरू झाली. तिच्यामागून आलेल्या अशा ठिकाणांमुळे स्टाउट, पोर्टर ही काळ्या बीअरची नावे या पिढीच्या तोंडी बसली आहेत. अखेर मे महिन्यात दोनशे लिटरच्या छोट्या संचावर चाचणी घ्यायचे ठरले.

सकाळी मी काळ्या माल्टचे पोते उघडले; माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले बार्लीचे दाणे. चाळीस किलोंमध्ये हे माल्ट फक्त तीन किलो घालायचे होते, कारण कॉफीसारखे करपेपर्यंत भाजलेल्या या दाण्यांचा रंग एवढा दाट असतो की बाकीचे सदतीस किलो फिके माल्ट त्यात झाकून जाते. एक दाणा चावून पाहिला, तर तव्यावर विसरलेल्या भाकरीच्या पापुद्र्याची चव आली. माल्ट भाजण्याच्या फिरत्या पिंपाचे पेटंट डॅनियल व्हीलर याने 1817 साली इंग्लंडमध्ये घेतले आणि तेव्हापासून पोर्टरवाल्यांना मूठभर दाण्यांवर रंग साधता येऊ लागला.

चूक माझीच झाली. आमचे बोअरचे पाणी जड असल्याने आम्ही ते आर.ओ.मधून काढून वापरतो आणि मॅशचा, म्हणजे गरम पाण्यात कालवलेल्या माल्टचा, पीएच (तो जितका कमी तितका आंबटपणा जास्त) खाली आणण्यासाठी त्यात ठरलेले आम्ल घालतो. सवयीने मी रोजचाच तक्ता ऑपरेटरमामांच्या हाती दिला. अर्ध्या तासाने सॅम्पल थंड करून मोजले, तर पीएच 4.9 निघाला, तो 5.3 ते 5.5 असायला हवा होता. भाजलेले माल्ट स्वतःच आम्लधर्मी असते हे पुस्तकात वाचलेले होते, पण हाताला ते ठाऊक नव्हते. रस चाखला, तर गोडीच्या मागून राखेसारखी तुरट आंबट चव आली, म्हणून ती मॅश टाकून द्यावी लागली.

आयर्लंडमधल्या डब्लिनचे पाणीही आमच्यासारखे कार्बोनेटयुक्त मानले गेले आहे आणि तिथे काळी बीअर रुजण्याचे एक कारण हेच मानले जाते, कारण पाण्यातला क्षार माल्टच्या आम्लाला सावरून घेतो. म्हणून दुपारच्या मॅशमध्ये मी आम्ल पूर्ण वगळले आणि अर्धे पाणी थेट बोअरचे, पिण्यायोग्य असल्याचा अहवाल असलेले, घ्यायला सांगितले. मामा व्हॉल्व्हवर हात ठेवून थांबले. "मॅडम, ह्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, अन् तुम्ही बीअर शिजवायलात?" त्यांचे खोटे नव्हते, त्याच पाण्याने माझ्या घरच्या गीझरची कॉइल दोनदा खाल्ली आहे. पण या वेळी पीएच 5.4 आला, आणि रसात कोको व भाजलेल्या शेंगदाण्याची चव उतरली.

रंग मोजताना आणखी एक गंमत झाली. आमचे उपकरण वाचनच देईना, कारण ते फिकट बीअरसाठी आहे आणि रोजची बीअर सात-आठ ईबीसीची (हे बीअरच्या रंगाचे एकक) असते. दहापट पातळ करून मोजले आणि आलेल्या वाचनाला दहाने गुणले, तेव्हा आकडा 78 आला.

संध्याकाळी विक्रीचे सहकारी दुपारच्या रसाचा ग्लास उजेडात धरून म्हणाले, "काळी आहे, म्हणजे आठ टक्के तरी असेल ना?" रंग माल्टच्या भाजणीतून येतो आणि अल्कोहोल साखरेतून, डब्लिनचा प्रसिद्ध ड्राफ्ट स्टाउट अवघ्या 4.2 टक्क्यांचा आहे, हे मी त्यांना समजावले. ते थोडे खट्टू झाले. मला मात्र वाटते की आपल्याकडची ही मागणी या गैरसमजावर वाढली, तर पहिल्या बाटलीनंतर ती ओसरेल.

चोथा न्यायला रोजचा म्हैसवाला आला. काळा ढीग पाहून त्याने हात आखडता घेतला आणि "जळाला का काय, मॅडम?" असे विचारले. मी त्याला एक पाटी न्यायला सांगितली. दुसऱ्या दिवशी त्याने टेम्पो थेट काळ्या ढिगाजवळ लावला.